महिन्याला एक पान



गेल्या काही दिवसांत दोन बचत गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. तुळजापुरात हल्ली दवाखान्यात, लॉजच्या काउंटरवर, कापडाच्या दुकानात फिश टँक दिसतात. त्यात बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची झाडं असतात, पण खरं झाड मिळालं तर लोक आवडीनं घेतात. मग अशी पाण्यातली झाडं घरी वाढवून विकली तर? आणि त्यासाठी गटातून कर्ज उचललं तर?

या प्रश्नाचं उत्तर आम्ही थोडं पैसे घालवून शिकलो आहोत. म्हणून आज झाडाची निगा कशी राखायची ते आधी सांगतो आणि कर्जाचं शेवटी बोलतो. निगा समजली की कर्जाचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल.

झाडाचं नाव अनुबियास. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. तिथल्या दाट जंगलात ओढ्याकाठी, सावलीत, दगडाला आणि पडलेल्या लाकडाला धरून ते वाढतं. पावसाळ्यात ओढा भरला की पाण्याखाली जातं, पाणी ओसरलं की पुन्हा वर येतं. दोन्हीकडे जगतं. दुकानात याची बुटकी जात मिळते, तिला अनुबियास नाना म्हणतात. नाव ऐकून आमच्या गटात सगळ्या हसल्या होत्या. पण हे नाना म्हणजे आपले घरातले नाना नव्हेत, लॅटिन भाषेत नाना म्हणजे बुटकी.

हे झाड नात्यानं मात्र आपल्या ओळखीचं आहे. आपला अळू, आपला सुरण, खिडकीतला मनी प्लांट आणि हे अनुबियास, सगळी एकाच कुळातली. फूलसुद्धा तसंच येतं, पांढऱ्या पानाच्या आवरणात उभा दांडा. आणि अळूसारखीच याच्या रसालाही खाज असते. अळूच्या भाजीत आपण चिंच का घालतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हे झाड कापल्यावर हात धुवा आणि पान लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका. ही पानं जाड आणि चिवट असल्यामुळे मासेही सहसा ती खात नाहीत.

आता आमची चूक सांगतो. आम्ही पहिल्यांदा सहा रोपं आणली. एकेक दीडशे रुपयांना पडलं. आपण शेतकरी बाया, रोप हातात आलं की मातीत खोचायची सवय. फिश टँकच्या तळाशी वाळू होती, त्यात आम्ही सहाही रोपं छान दाबून लावली. तीन आठवड्यांत चार रोपं गेली. पानं हिरवीच होती, पण धरून उचललं तर पान हातात आणि खाली सगळं मऊ, काळं, कुजका वास.

असं का झालं, ते पुढं कळलं. अनुबियासला पानं आणि मुळं यांच्यामध्ये एक आडवा कंद असतो, आल्याच्या बोटासारखा. आल्याला मातीत झाकलं तर चालतं, याला चालत नाही. हा कंद उघडा, पाण्यात मोकळा राहिला पाहिजे. वाळूत गाडला की तो कुजतो. मुळं वाळूत गेली तर हरकत नाही, कंद वर हवा. या झाडाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा.

मग लावायचं कसं? दगडाला बांधायचं. मुठीएवढा दगड घ्या, त्यावर रोपाचा कंद आडवा ठेवा आणि काळ्या सुती दोऱ्यानं दोन-तीन वेढे द्या. वेढे घट्ट करकचून देऊ नका, रोप हलणार नाही इतपत पुरे. रबर बँड नको, तो कंदाला कापतो. तांब्याची तार तर अजिबात नको, तांबं पाण्यात उतरलं तर माशांना विष होतं. एक-दोन महिन्यांत मुळं दगडाला धरतात, तोवर सुती दोरा आपोआप सडून जातो. पुढं टँक धुताना दगडासकट झाड उचलता येतं.

दगड कोणता? आपल्या बालाघाटच्या डोंगरातला काळा दगड उत्तम. तो पाण्यात काही सोडत नाही. पण आपल्याकडे काळ्या दगडात कधी कधी पांढरे खडे, पांढऱ्या शिरा असतात. त्यात चुना असू शकतो. म्हणून दगड आधी स्वच्छ घासा, वाळवा आणि पांढऱ्या भागावर लिंबू पिळा. फेस आला, बुडबुडे आले, तर तो दगड बाजूला ठेवा. त्यातून चुना पाण्यात उतरत राहतो आणि आपलं पाणी आधीच जड आहे.

पाण्याचं बोलूच. आपल्या बोअरच्या पाण्यानं साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, हंड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. हे क्षारांमुळे होतं. अनुबियास असलं जड पाणी सोसतं, म्हणून आपल्यासाठी हे झाड बरं. नाजूक झाडं आपल्याकडे टिकायला अवघड. तरी एक काळजी घ्यावी लागते. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी रोज थोडं थोडं उडून जातं. पाणी उडतं, क्षार मागंच राहतात. वर पुन्हा बोअरचंच पाणी ओतत गेलं की क्षार वाढत जातात, अगदी आमटी आटून खारट होते तसं. म्हणून उडालेलं पाणी भरून काढायला पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरच्या जारचं पाणी वापरा. पावसाचं घेताना पहिल्या पावसाचं घेऊ नका. पत्रा, कौलं धुऊन निघाल्यावरचं घ्या.

नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. ती आपल्यासाठी गरजेची आहे, पण माशांना तीच जाळते. तेव्हा नळाचं पाणी उघड्या बादलीत एक दिवस-रात्र ठेवा. वास घेऊन बघा. वास राहिला असेल तर आणखी एक दिवस थांबा. तुरटी फिरवलेलं पाणी टँकमध्ये घालू नका.

आता उन्हाळा. अनुबियासला बावीस ते अठ्ठावीस अंश पाणी आवडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या घरात टँकचं पाणी बत्तीसच्या वर गेलं की पानं पिवळी पडायला लागतात, कंद मऊ होतो आणि माशांनाही श्वास पुरत नाही. आमची उरलेली दोन रोपं आम्ही अशी जगवली. टँक उंच टेबलावरून खाली घेऊन जाड दगडी भिंतीजवळ ठेवला, जिथं ऊन कधीच पडत नाही. दुपारी झाकण काढून वर जाळी टाकली, म्हणजे मासे बाहेर उडी मारत नाहीत. टँकच्या बाहेरून ओलं फडकं गुंडाळलं आणि लाईट असेल तेव्हा पंख्याचा वारा पाण्यावर सोडला. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. बर्फ मात्र टाकू नका. एकदम गार आणि पुन्हा गरम, हे माशांना बाधतं.

उजेड. हे सावलीतलं झाड आहे. त्याचं नावच मुळी प्राचीन इजिप्तच्या अनुबिस नावाच्या देवावरून पडलं आहे. हा देव मृत्यूनंतरच्या जगाचा, अंधाराचा. साधा एलईडी बल्ब दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. खिडकीतून येणारा उजेड असेल तर तोही चालतो, पण सरळ ऊन नको. एखाद्या दिवशी लाईट गेली तरी झाडाचं काही बिघडत नाही.

ऊन किंवा जास्त उजेड दिला तर झाड जोरात वाढेल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. झाड आपल्या चालीनंच चालतं आणि जास्तीचा उजेड शेवाळ खातं. इथंच हळू वाढणाऱ्या झाडाचा खरा त्रास आहे. भराभर वाढणारी झाडं नवी पानं काढतात आणि शेवाळलेली जुनी गळून जातात. अनुबियासचं एकेक पान वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतं. त्या पानावर शेवाळ बसलं की बसलं. म्हणून आठवड्यातून एकदा दोन बोटांत पान धरून हलकेच पुसा, बाळाचं तोंड पुसतो तसं. शेवाळ वाढतच असेल तर उजेड दोन तासांनी कमी करा आणि माशांना टाकायचं खाद्य निम्मं करा. पानावर काळं, केसासारखं शेवाळ दाट बसलं असेल तर तेवढंच पान कंदाजवळ कापून टाका.

खताचं बोलायचं तर, युरिया, डीएपी, शेणखत यातलं काहीही पाण्यात टाकू नका. युरियानं पाण्यात अमोनिया होतो आणि मासे मरतात. हळू वाढणाऱ्या झाडाची भूक कमी असते. आठ-दहा माशांची विष्ठा त्याला पुरते.

मासे कोणते? आमचा सल्ला गप्पीचा. हिवताप, डेंग्यू आटोक्यात राहावा म्हणून आरोग्य खातं डबक्यांत, हौदांत गप्पी मासे सोडतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेच गप्पी. त्यांना जड पाणी मानवतं. शिवाय पाण्यात मासा नसेल तर आठवडाभरात तिथं डासांच्या अळ्या होतात. झाडं वाढवायला तुम्ही घमेलं ठेवा, टब ठेवा किंवा काचेचा टँक ठेवा, त्यात चार गप्पी असलेच पाहिजेत. आपल्या धंद्यापायी शेजारच्या लेकराला डेंग्यू व्हायला नको.

रोप तब्येतीनं आहे की नाही, ते ओळखायचं कसं? पानांपेक्षा कंद बघा. बोटानं हलकेच दाबा. टणक आणि हिरवा असेल तर झाड जिवंत आहे, पानं कमी असली तरी काळजी नको. मऊ, तपकिरी झाला असेल तर धारदार स्वच्छ ब्लेडनं तो भाग कापा. आत हिरवा, टणक भाग लागेपर्यंत कापत जा आणि राहिलेला तुकडा वेगळ्या भांड्यात ठेवा. नवीन आणलेल्या रोपाची एक-दोन जुनी पानं पिवळी पडली तर घाबरू नका. रोपवाटिकेत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर दमट हवेत वाढवलेली असतात, त्यांना पाण्याखाली रुळायला वेळ लागतो. या काळात जागा बदलू नका, रोज उपटून बघू नका. आमच्या गटातल्या एका आजी म्हणाल्या, नवी सून घरात आली की तिला आठ दिवस कामाला लावू नये, तसंच हे.

याच कुळातली आणखी एक हळू वाढणारी जात दुकानात मिळते, क्रिप्टोकोरायन. तिच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांत आपसूक वाढतात. तिची रीत अनुबियासच्या उलट. तिची मुळं वाळूत लावायची असतात. आणि जागा बदलली, पाणी बदललं की तिची सगळी पानं विरघळून जातात. बाई म्हणते, झाड मेलं, आणि उपटून फेकते. पण खाली मूळ जिवंत असतं. महिना-दीड महिना हात लावला नाही तर नवी पानं येतात. मात्र एक विनंती. कोकणात किंवा घाटावर फिरायला गेलात तर ओढ्यातली, सड्यावरची झाडं उपटून आणू नका. साताऱ्याच्या कास पठारावरचा वायतुरा हेही पाण्यातलंच झाड आहे. जगात फार थोड्या ठिकाणी ते उरलं आहे. एकेकीनं एकेक उपटलं तर तेही संपेल.

आता रोपं वाढवायची कशी ते सांगतो, कारण कर्जाचा हिशोब त्यातच आहे. कंद वाढत वाढत लांब होतो. तो पुरेसा लांब झाला की स्वच्छ ब्लेडनं त्याचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला निदान चार-पाच पानं आणि थोडी मुळं हवीत. लहान तुकडेही जगतात, पण त्यांना सावरायला फार काळ लागतो. कापल्यावर मागच्या तुकड्याला बाजूनं नवे कोंब फुटतात, त्यामुळे पुढं वाढ थोडी वेगानं होते.

वेगानं म्हणजे किती? एका कोंबाला साधारण महिन्याला एक पान. थंडीत त्याहून कमी. आता बोटांवर मोजा. समजा तुम्ही आठ पानांची दहा रोपं आणली. वर्षाअखेरीस, सगळं नीट जमलं तर, एकेक रोप वीस पानांचं होईल. त्यातली दहा पानं आईरोपाला ठेवली, तर विकायला पाच पानांचे दोन तुकडे निघतात. दहा रोपांचे वीस तुकडे. दुकानदारानं तुकड्याला ऐंशी रुपये दिले असं धरू. सोळाशे रुपये झाले. वर्षाचे.

आणि कर्ज? गटातून वीस हजार घेतले आणि बारा महिन्यांत फेडायचे ठरले, तर व्याज सोडून नुसत्या मुद्दलाचा हप्ता सोळाशे सहासष्ट रुपये होतो. महिन्याचा. म्हणजे झाडाची वर्षभराची कमाई एका महिन्याच्या हप्त्यालाही पुरत नाही. हप्ता महिन्याला येतो आणि झाड महिन्याला एक पान देतं. त्या पानावर हप्ता फिटत नाही. आमचा सल्ला आहे, एकट्या अनुबियाससाठी कर्ज काढू नका. गटातल्या एका बाईचा हप्ता थकला की बाकीच्या नऊजणींना झोप लागत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

मग हे करायचंच नाही का? करा, पण मुदत ठेवीसारखं करा. घरच्या चार-दोन रोपांपासून सुरुवात करा. दोन वर्षं विकायची घाई करू नका, कापा आणि पुन्हा लावा. रोजच्या खर्चाला हात लागेल असं काही हवं असेल तर सोबत गप्पी वाढवा आणि व्हॅलिसनेरियासारखं भराभर फुटणारं लांब पानांचं झाड ठेवा. त्याचे पैसे कमी मिळतात, पण लवकर मिळतात. शोभेच्या माशांचा मोठा विचार असेल तर सरकारची योजना आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घराच्या आवारात शोभेचे मासे वाढवण्याच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे आणि महिलांना त्यावर ६० टक्के अनुदान ठरवलं आहे. पण ती योजना माशांसाठी आहे. आणि अर्ज करण्याआधी धाराशिवला मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन दोन गोष्टी स्वतःच्या कानानं ऐका. योजना सध्या चालू आहे का, आणि अनुदान हातात पडेपर्यंत खर्च कोणी करायचा.

एक प्रश्न राहिला, तो आम्हाला घरातूनच विचारला गेला. प्यायला पाणी नाही आणि तुम्ही झाडांना टाकीत पोहायला घालता? प्रश्न चुकीचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरमागं हंडे घेऊन पळालेल्या आपण बाया. म्हणून पाण्याचा हिशोब सांगतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये साधारण पन्नास लिटर पाणी बसतं. ते एकदाच भरायचं. झाडं हळू वाढणारी आणि मासे थोडे असले तर आठवड्याला दहा लिटर बदललं तरी पुरतं. काढलेलं पाणी गटारात जात नाही. माशांच्या विष्ठेमुळे त्यात खत असतं. ते तुळशीला घाला, कढीपत्त्याला घाला, परसातल्या वांग्याला घाला. जे पाणी परसाला आपण तसंही घालतो, ते टँकमधून फिरून जातं इतकंच. तरीही गावात टँकर सुरू झाला असेल तर नवीन टँक भरू नका. पाऊस पडेपर्यंत थांबा. घाई नसलेलं झाड आहे, तेही थांबतं.

आणि शेवटी, टँक बंद करायची वेळ आली तर त्यातली झाडं, मासे तळ्यात, विहिरीत, बोरी नदीत सोडू नका. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेचं फूल म्हणून माणसानंच ती देशोदेशी नेली, आणि आज ती आपल्या नद्या-तलाव झाकून टाकते. नको असलेलं झाड कुणाला तरी द्या, नाहीतर उन्हात पूर्ण वाळवून खतखड्ड्यात टाका.

आमच्या त्या दोन रोपांची आज सात झाली आहेत. अजून एकही विकलेलं नाही. परवा त्यातल्या एकाला पहिलं फूल आलं, पाण्याखालीच, करंगळीच्या नखाएवढं. गटाची बैठक त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू झाली.

ज्यांना रोप बांधून बघायचं असेल त्यांनी पुढच्या बैठकीला एक घासलेला काळा दगड आणि सुती दोरा घेऊन या. लिंबू आम्ही आणतो. नमस्कार.